उज्ज्वला गॅस जोडणी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या किंवा ओली लाकडं बंद खोलीत पेटली की त्या धुराचा सगळ्यात मोठा वाटा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि तिच्याजवळ बसलेल्या लेकराच्या छातीत जातो. बाहेरच्या हवेसाठी भारताने पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. चुलीपुढे स्वयंपाकाच्या वेळी ती कित्येक पटींनी ओलांडली जाते. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा जुनाट दमा-खोकला, मोतीबिंदू, कमी वजनाचं बाळ या सगळ्यांशी या धुराचा संबंध आहे. त्यामुळे आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेने घरभेटीत लसीकरणाबरोबर चुलीचीही चौकशी केली, आणि गॅस नसलेल्या घराचा अर्ज भरून घेतला, तर ते आरोग्याचंच काम होतं.

गरीब घरातल्या बाईला मोफत गॅस जोडणी देणारी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा ऑगस्ट 2021 मध्ये आला. त्यानंतर जोडण्यांचं उद्दिष्ट टप्प्याटप्प्याने वाढवलं गेलं. 2025-26 साठी 25 लाख नव्या जोडण्या मंजूर झाल्या. उद्दिष्ट ठरलेलं असल्यामुळे वितरकाकडे आधी एकच प्रश्न विचारा: सध्या नवे अर्ज घेताय का?

कुणाला मिळते

जोडणी फक्त बाईच्या नावावर मिळते. तिचं वय 18 पूर्ण हवं आणि त्या कुटुंबात कोणत्याही कंपनीची घरगुती गॅस जोडणी नको. पूर्वी जात-प्रवर्ग, अंत्योदय कार्ड, घरकुल यादी यांवरून पात्रता पाहिली जायची. आता भर स्वयंघोषणेवर आहे. तीत काही गोष्टी कुटुंबात नाहीत असं लिहून द्यावं लागतं: महिना 10 हजारांपेक्षा जास्त कमावणारा सदस्य, आयकर किंवा व्यवसाय कर भरणारा, सरकारी नोकर, नोंदणीकृत बिगरशेती उद्योग, 50 हजारांच्या वर मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, सिंचनाच्या साधनासह अडीच एकरांहून जास्त बागायत, तीन-चारचाकी मोटार वाहन. स्वतःच्या घराचं चटईक्षेत्र 30 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तरी अर्ज बसत नाही, मात्र सरकारी योजनेतल्या घरकुलाला ही अट नाही. हा कागद न वाचता अंगठा देऊ नका. खोटी माहिती निघाली तर जबाबदारी अर्जदार बाईवर येते, फॉर्म भरून देणाऱ्यावर नाही.

कागद

अर्जदाराचं आधार, रेशनकार्डावरच्या सगळ्या सज्ञान सदस्यांची आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, एक फोटो आणि चालू मोबाईल नंबर. आधारवरचा पत्ता वेगळा असेल तर राहत्या जागेचा पुरावा लागतो.

कामासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांना मोठी सवलत आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. बीडहून कारखान्यावर गेलेली ऊसतोड टोळी असो की पुण्यातल्या बांधकामावरचे मजूर, त्यांच्याकडे तिथलं रेशनकार्ड किंवा पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतं. परिशिष्ट 1 या नमुन्यातली स्वयंघोषणा कुटुंबाची माहिती आणि पत्ता या दोन्हींसाठी ग्राह्य धरतात. वितरकाने ‘गावाकडचं कार्ड आणा’ म्हटलं तर याच नमुन्याचं नाव घेऊन बोला.

अर्ज कसा जातो

उज्ज्वलाच्या संकेतस्थळावर इंडेन, भारतगॅस आणि एचपी गॅस यांपैकी एक कंपनी आणि जवळचा वितरक निवडून अर्ज करता येतो, किंवा थेट वितरकाच्या ऑफिसात. गोदाम जवळ असलेला वितरक निवडा. पुढची कित्येक वर्षं सिलिंडर तिथूनच यायचा आहे. अर्जदाराला एकदा स्वतः जावंच लागतं, कारण बोटाच्या ठशाने ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, होते. शेतात, वीटभट्टीवर राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन ठसा घेत नाही. अशा वेळी कंपनीच्या मोबाईल अ‍ॅपवरून चेहऱ्याने ओळख पटवता येते. वितरकाला तसं करायला सांगा, परत फिरू नका.

त्यानंतर तिन्ही कंपन्यांच्या नोंदींत कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार क्रमांक तपासले जातात. बहुतेक अर्ज इथेच अडकतात, आणि कारणं ठरलेली असतात.

पहिलं कारण: सासऱ्याच्या नावावर जुनी जोडणी आहे आणि सून त्याच रेशनकार्डावर आहे. चूल खरोखर वेगळी असेल तर आधी रेशनकार्ड विभक्त करावं लागतं, मग नवा अर्ज. दुसरं: लग्नानंतर बाईचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलं. माहेरच्या तहसीलमधल्या पुरवठा विभागातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, तो जोडून सासरच्या कार्डावर नाव चढवा. नवं लग्न झालेलं घर असेल तर हे काम सगळ्यात आधी उरका. तिसरं: आधारवर ‘सुनिता’, रेशनकार्डावर ‘सुनीता’, पासबुकावर माहेरचं आडनाव. तिन्हींत आधारप्रमाणे एकच नाव करून घ्या.

बँकेचा गोंधळ वेगळा. खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही, थेट लाभासाठी त्याचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद, झालेलं हवं. आणि पैसे पासबुक दिलेल्या खात्यात नाही, तर सगळ्यात शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातात. ‘सबसिडी आलीच नाही’ म्हणणाऱ्या कित्येक बायकांची रक्कम दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात पडून असते.

काय फुकट, काय नाही

सिलिंडर आणि रेग्युलेटरची अनामत, सुरक्षा होज म्हणजे गॅसची नळी, गॅसचं पुस्तक आणि जोडणीचा खर्च सरकार भरतं. पहिला भरलेला सिलिंडर आणि शेगडीही कंपनीकडून मोफत असते. वितरकाने दुसरी शेगडी किंवा लायटर गळ्यात मारला तर नकार द्या. दुसऱ्या सिलिंडरपासून पूर्ण किंमत मोजावी लागते आणि अनुदान नंतर खात्यात येतं: 2025-26 मध्ये ते 14.2 किलोच्या सिलिंडरमागे 300 रुपये, वर्षाला 9 सिलिंडरपर्यंत होतं. ई-केवायसी दर आर्थिक वर्षात एकदा करावी लागते, नाहीतर अनुदान अडतं.

14.2 किलोऐवजी 5 किलोचा सिलिंडरही घेता येतो. एकदम मोठी रक्कम जमत नसेल किंवा बिऱ्हाड सतत हलत असेल तर तो सोयीचा आहे. पण घाईने ठरवू नका. महाराष्ट्राने 2024 मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतले वर्षाचे तीन मोफत सिलिंडर फक्त 14.2 किलोच्या जोडणीवर आहेत. तिथेही आधी पैसे भरायचे आणि परतावा खात्यात. एका महिन्यात एकाच सिलिंडरचा लाभ, आणि 1 जुलै 2024 नंतर विभक्त केलेलं रेशनकार्ड त्यात धरत नाहीत.

सिलिंडर दारात आल्यावर

वर तीन पट्ट्यांवर आतल्या बाजूने ‘बी-27’ असं काहीतरी रंगवलेलं असतं. ही पुढच्या चाचणीची तारीख: ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढचा आकडा वर्षाचा. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करा. रिकाम्या सिलिंडरचं वजनही पट्टीवर असतं, त्यात 14.2 किलो मिळवा आणि काट्यावर बघा. फरक 150 ग्रॅमपर्यंतच चालतो. डिलिव्हरी देणाऱ्याकडे काटा असायलाच हवा, आणि पावतीवर छापल्यापेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, होज पाच वर्षांनी नवा. पाचटाच्या कोपीत शेगडी भिंतीला टेकवून कधीच लावू नका.

गॅस आल्यावरही अनेक घरांत अंघोळीचं पाणी आणि जनावरांचं आंबोण चुलीवरच राहतं. गॅस पुरवून वापरायचा तर हे समजण्यासारखं आहे. पण ती चूल तरी घराबाहेर, उघड्यावर न्या, नाहीतर धूर आहे तिथेच राहतो.

अर्ज रखडला, कारण लेखी मिळत नसेल, तर उज्ज्वलाच्या 1800-266-6696 या क्रमांकावर विचारा. वितरकाबद्दल तक्रार 1800-233-3555 वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. गळतीसाठी 1906 दिवसरात्र चालू असतो. पण फोन करण्याआधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि फोन घराबाहेर जाऊन करा.