सायकलच्या कुलपामागची गोष्ट: लालबाग, न्यूयॉर्क आणि आमची पडवी

सायकलच्या दुकानात कुलूप मागितलं की दुकानदार काउंटरवर तीन-चार जिनसा मांडतो. मागच्या चाकाला कायमचं बसवायचं, नालाच्या आकाराचं रिंग लॉक. रंगीत प्लास्टिकचं आवरण चढवलेली तारेची केबल. आकडे फिरवून उघडायचं नंबर लॉक. आणि दुकान जरा मोठं असेल तर एखादं जाडजूड यू-लॉक. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक गिऱ्हाईक रंग बघून केबल उचलतं आणि घरी जातं. ही चारही कुलपं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या चोराला नजरेसमोर ठेवून घडली. कोणतं कोणासाठी घडलं ते कळलं की निवड बरीच सोपी होते. शिवाय आमच्या किनाऱ्यावर कुलपाला चोराखेरीज आणखी एक वैरी आहे, खारा वारा. त्याचा विचार परदेशातल्या दुकानांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात सहसा नसतो.

सुरुवात दारापासून करावी लागेल. कुलूप हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि चावी पोर्तुगिजांकडून, पाव आणि बटाट्याबरोबर. चौल, रेवदंडा, वसई अशी ठाणी त्यांच्याकडे होती, त्या किनाऱ्यावरच्या बोलीत त्यांचे शब्द राहून गेले. पण कोकणातल्या जुन्या घराचा खरा आधार कडी-कोयंडा आणि आतून लावायचा अडसर होता. घरात माणसं असायची. म्हातारी ओटीवर, गुरं गोठ्यात, कोणी ना कोणी जागं. बाहेरून टाळं लावायची वेळ आली ती माणसं मुंबईला जायला लागली तेव्हा.

आणि टाळं घडलंही मुंबईतच. 1897 साली अर्देशीर गोदरेज यांनी लालबागेत कुलपांचा कारखाना सुरू केला. त्याच लालबाग-परळमध्ये गिरण्यांत काम करणारे आमचे चाकरमानी दाटीवाटीने राहत होते. गणपतीला गावी येताना ट्रंकेला लावलेलं कुलूप आणि परत जाताना गावच्या घराला लावलेलं कुलूप, अशी कुलपाची सवय कोकणात रुजली. उत्तरेत अलीगढमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हा धंदा उभा राहिला आणि स्वस्त कुलपं गावोगावच्या बाजारात पोचली. त्या काळच्या कुलूपकारांसमोरचा चोर म्हणजे किल्ल्यांचा जुडगा किंवा वाकवलेली तार घेऊन रात्री येणारा माणूस. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेच्या आल्फ्रेड हॉब्ज यांनी चब आणि ब्रामा या दोन नामांकित कंपन्यांची 'न उघडणारी' कुलपं उघडून दाखवली. तेव्हापासून कुलूपकारांची बुद्धी आतल्या लिव्हरांवर आणि खाचांवरच खर्च झाली. बाहेरचा कडा कापला जाईल ही चिंता फार मागे होती.

सायकल आली ती या दाराच्या कुलपांच्या जगात. आज आपण चालवतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीने चालणारी सायकल 1885 मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी बाजारात आणली. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर दिला. आपल्याकडे आधी रॅले, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स या विलायती गाड्या आल्या. पुढे मद्रासकडे 1949 मध्ये टीआय, सोनिपतला 1951 मध्ये ॲटलस, लुधियानात 1956 मध्ये हीरो असे कारखाने निघाले आणि सायकल मास्तर, पोस्टमन, तलाठी, पाववाला, मासे विकणारा अशा सगळ्यांच्या हाती आली. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. तो बिल्ला, मडगार्डवर रंगवलेलं मालकाचं नाव आणि कॅरिअरला बांधलेली जुनी ट्यूब, एवढ्यावरून कोणाची सायकल आहे ते लांबून ओळखू यायचं.

रिंग लॉक या जगासाठी बनलेलं आहे. मागच्या फाट्यावर बसवलेला लोखंडी नाल, त्यातून आऱ्यांमधून जाणारा एक सरकता दांडा. किल्ली फिरवली की चाक अडतं. विलायती रॅलेच्या काही गाड्यांत तर कुलूप पुढच्या फोर्कमध्येच असे, हँडल वळेनासं व्हायचं. दोन्हींचा हेतू एकच: सायकल चालवता येऊ नये. उचलून नेता येऊ नये, हा हेतू त्यात नव्हताच. वीस किलोच्या आसपासची गाडी खांद्यावर टाकून कोण किती लांब नेणार, आणि नेली तरी पुढच्या वाडीत तिला ओळखणारे चार जण भेटणारच. कुलूप ज्याच्यासाठी होतं तो आपल्याच ओळखीचा: घटकाभर फिरवून आणणारा शेजारचा मुलगा, बाजारात न विचारता घेऊन जाणारा मित्र, शिकण्याच्या नादात पडून दांडी वाकवून ठेवणारा पोरगा. माझ्या लहानपणी आमच्या पडवीतल्या सायकलच्या कुलपाला शेजारच्या सायकलची किल्ली लागायची. स्वस्त रिंग लॉकमध्ये आत मोजक्याच चकत्या असतात, त्यामुळे किल्ल्यांचे प्रकारही मोजकेच. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण कुलपाचं काम 'विचारून ने' एवढं सांगणं होतं, आणि ते काम ते चोख करत होतं.

म्हणून रिंग लॉकला नावं ठेवणं मला पटत नाही. नेदरलँड्ससारख्या सायकलींच्या देशातही अजून हेच कुलूप सर्रास वापरतात. फरक इतकाच की तिथे शहरात त्याच्या जोडीला साखळी लागते, आणि सायकलचा विमा हवा असेल तर कुलूप तपासणाऱ्या संस्थेचे दोन तारे मिळालेलं कुलूप मागतात.

आमच्याकडे चोर बदलला तो गाव बदललं म्हणून. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली. ही स्टेशनं पुष्कळ ठिकाणी गावापासून लांब आहेत. रत्नागिरीचं स्टेशन शहराबाहेर, सावंतवाडी रोडचं मळगावात. माणसं सायकल स्टेशनबाहेर लावून दिवसभरासाठी, कधी दोन दिवसांसाठी जाऊ लागली. त्या आवारात कोणी कोणाला ओळखत नाही. मग गिअरच्या हलक्या सायकली आल्या, सुट्टीत किनाऱ्याने भटकणारे सायकलस्वार आले. मार्च 2020 मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, सुरू झाल्यावर अलिबागेकडे तर मोटारसायकलच्या किमतीच्या सायकली दिसू लागल्या. माझ्या पुतण्याची गिअरची सायकल अशीच एका स्टेशनबाहेरून गेली. केबल लॉक लावलेलं होतं. जमिनीवर त्याचे दोन तुकडे पडलेले होते, कापलेली तार अगदी स्वच्छ, एका दाबात कापलेली. तो कितीतरी दिवस म्हणत होता, "काका, मी कुलूप लावलं होतं हो." लावलं होतंच. पण केबल लॉक हे मुळात हेल्मेट, सीट किंवा पुढचं चाक अडकवून ठेवायची दुय्यम वस्तू. आत बारीक तारांचा पीळ असतो, तो हातात मावणाऱ्या कटरने काही सेकंदांत तुटतो. बाहेरचं प्लास्टिक त्याला जाड दाखवतं एवढंच.

कापणाऱ्या चोराशी पहिला गंभीर सामना अमेरिकेत झाला. 1970 च्या सुमारास तिथे सायकलींची लाट आली आणि मागोमाग बोल्ट कटर घेऊन फिरणारे चोर आले. साध्या साखळ्या त्यांच्यापुढे टिकेनात. 1971 मध्ये बोस्टनकडे मायकेल झेन यांनी क्रिप्टोनाइट कंपनी सुरू केली आणि इंग्रजी यू अक्षरासारखं घट्ट कड्याचं कुलूप विकायला घेतलं. त्याची परीक्षा न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये झाली: सायकल एका खांबाला अडकवून तीस दिवस रस्त्यावर सोडून दिली. कुलूप तुटलं नाही. सायकलचे कुलपाबाहेरचे जे जे भाग निघण्यासारखे होते ते सगळे मात्र चोरांनी नेले.

मला या गोष्टीचा हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण तोवर चाक काढणं सोपं झालेलं होतं. इटलीच्या तुलियो काम्पान्योलो यांनी 1930 मध्ये पान्याशिवाय चाक काढता येणारी क्विक रिलीजची कळ पेटंट केली. ती शर्यतीसाठी होती, पुढे साध्या गिअरच्या सायकलींनाही लागली. जुन्या रोडस्टरचं, म्हणजे आपल्या साध्या जड सायकलचं, चाक काढायचं तर दोन्ही बाजूंचे नट पान्याने सोडवत बसावं लागे. आता एक कळ ओढली की चाक हातात. म्हणून फक्त पुढचं चाक खांबाला बांधून जाणाऱ्याला परत आल्यावर ते एकटं चाकच सापडतं. अमेरिकेतले सायकलतज्ज्ञ शेल्डन ब्राउन यांनी यावर एक साधी युक्ती लोकप्रिय केली. सीटखालच्या दांड्या आणि मागच्या फाट्यांनी जो मागचा त्रिकोण होतो, त्याच्या आत मागच्या चाकाची रिम धरून लहान यू-लॉक खांबाला लावायचं. चाक त्या त्रिकोणातून निघू शकत नाही, म्हणजे एकाच कुलपात चाक आणि फ्रेम दोन्ही धरली जातात. कुलूप लहान असल्याने आत कांब घालून पिळायलाही जागा उरत नाही. आमच्या रिंग लॉकची जागा आणि ही जागा जवळजवळ एकच आहे. फरक खांबाचा.

यू-लॉकही अजिंक्य नव्हतं. त्यातली नळीच्या आकाराच्या गोल किल्लीची यंत्रणा साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने फसवता येते, हे 2004 मध्ये जगभर गाजलं आणि कंपनीला ती कुलपं बदलून द्यावी लागली. त्यानंतर चांगल्या कुलपांत चपट्या किल्लीची यंत्रणा आली. ब्रिटनमध्ये 1992 पासून सोल्ड सिक्युअर ही संस्था हत्यारं आणि घड्याळ घेऊन कुलपं तोडून बघते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. दुकानात बसून पोलादाची प्रत ओळखता येत नाही, तेव्हा असा शिक्का बघणं हाच खात्रीचा मार्ग. आता लोखंड कापणारा, बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आल्यापासून तर साधं पोलादी कुलूप किती मिनिटं टिकतं एवढाच प्रश्न उरतो. कोकणातल्या स्टेशनबाहेर ग्राइंडरच्या ठिणग्या उडवत बसणारा चोर मला अजून तरी दिसत नाही. लहान कटर घेऊन फिरणारा मात्र नक्की आहे, आणि त्याला कडक केलेल्या पोलादाचा बारा-तेरा मिलिमीटरचा कडा पुरून उरतो.

आता खाऱ्या वाऱ्याबद्दल. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा हवेत मीठ असतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: जस्ताचा मुलामा दोन पावसाळ्यांत उडतो, मग कडा लालसर होतो, मग किल्ली आत जाते पण फिरत नाही. अशा वेळी आमच्याकडे दोन उपाय ठरलेले. अडकलं की रॉकेल, आणि अडकू नये म्हणून खोबरेल. रॉकेलने गंज सुटतो हे खरं. खोबरेल मात्र कुलपात घालू नये. थंडीत ते गोठतं, एरवी चिकट होत जातं, आणि त्यावर जांभ्याची लाल धूळ बसून आत राडा होतो. त्याऐवजी ग्रॅफाइटची पूड किंवा सुका राहणारा टेफ्लॉनचा फवारा मारावा.

इथे एक खरी अडचण आहे. गंजत नाही ते मऊ असतं. पितळ मऊ, आणि होड्यांवरच्या कुलपांना वापरतात ते नेहमीचं स्टेनलेस स्टीलही तापवून-विझवून कडक करता येत नाही. करवतीचं पातं त्यात सहज चालतं. जे कटरला दाद देत नाही ते कडक पोलाद मात्र मिठाला बळी पडतं. म्हणजे बंदरावरचं चकचकीत पितळी कुलूप सायकलला लावलं तर ते दहा वर्षं उघडबंद होत राहील, पण सायकल दहा वर्षं राहीलच असं नाही. माझं मत असं की बाहेरगावी कडक पोलादच घ्यावं आणि त्याची निगा राखावी. कड्यावरचं रबरी आवरण कुठे फाटलेलं नाही ना हे बघावं, कारण फटीतून खारं पाणी आत गेलं की आवरणाखाली गंज गुपचूप वाढतो. किल्लीच्या भोकाला झाकण असलेलं कुलूप निवडावं आणि लावताना भोक जमिनीकडे ठेवावं. पावसाळ्यात अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन वाळवावं.

आतली यंत्रणाही बघण्यासारखी असते. स्प्रिंगा बारीक, आणि खाऱ्या हवेत आधी त्याच मरतात. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सन यांनी 1907 मध्ये फिरत्या चकत्यांचं, स्प्रिंगशिवाय चालणारं कुलूप बनवलं. तिकडे अडचण बर्फाची आणि घाणीची होती. त्याच दशकात लालबागच्या गोदरेजांनीही आपलं बिनस्प्रिंगचं कुलूप काढलं होतं. आज चांगल्या यू-लॉकमध्ये बऱ्याचदा चकत्यांचीच यंत्रणा असते, आणि बर्फासाठी काढलेली ती युक्ती आमच्या वाळू-मिठालाही लागू पडते.

कायद्यातही अलीकडे बदल झाला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. साधी सायकल बहुतेक वेळा याच हिशेबात बसेल. बिल्ला तर केव्हाच गेला. तेव्हा पायडलच्या कण्याच्या नळीखाली कोरलेला फ्रेमचा नंबर लिहून ठेवणं आणि बिल जपणं हे मालकाच्याच हाती आहे. सापडलेली सायकल आपली आहे हे त्यावरूनच सांगता येतं.

राहिला प्रश्न खांबाचा. चाक अडवणाऱ्या कुलपाला कशालाही बांधावं लागत नाही, म्हणून आमच्या एसटी स्टँडांवर, शाळांत, बाजारात सायकल बांधायची सोय कोणी केलीच नाही. असलाच तर पुढचं चाक खोचायचा खाचेचा स्टँड असतो. त्याला यू-लॉक लावलं तर पुढच्या चाकाखेरीज काही धरलं जात नाही. पुतण्याने पुढे यू-लॉक घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी तो ते हातात घेऊन स्टेशनबाहेर खांब शोधत फिरला. शेवटी पार्किंगच्या कुंपणाचा, सिमेंटात पक्का रोवलेला एक लोखंडी पाइप सापडला. आता तो गाडीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं निघतो, त्या पाइपाजवळची जागा मिळावी म्हणून. घरी पडवीच्या जांभ्याच्या भिंतीत आम्ही एक जाड कडी सिमेंटने बसवून घेतली. पूर्वी तिथे बैल बांधायची खुंटी होती.