किशोरवयीन मुलांसाठी मानसिक मदत: बेळगाव सीमाभागात कुठं जायचं, कोणते कागद न्यायचे

मुलाला सरकारी समुपदेशकाकडे नेण्यासाठी कुठलाही अर्ज भरावा लागत नाही, कुठलाही दाखला काढावा लागत नाही. हे सगळ्यात आधी सांगायला हवं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत पहिला प्रश्न कागदांचाच निघतो. रेशन कार्डावर पोराचं नाव चढलेलं नाही, आधारवर पत्ता जुना आहे, वडील कामाला गोव्यात. ते सगळं नीट झाल्यावर बघू म्हणत महिने जातात. तोवर दहावीतली मुलगी जेवायची थांबलेली असते, नाहीतर मुलगा सकाळी पोटदुखी काढून शाळा बुडवत असतो.

कागद खरोखर लागतात ते तीन ठिकाणी: दवाखान्यात दाखल करताना, योजनेचा लाभ घेताना आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढताना. बाकीची वाट मोकळी आहे.

फोन हे पहिलं दार

१४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा देशभर चोवीस तास मोफत चालते. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. वीस भाषांत बोलायची सोय आहे आणि त्यात मराठी आहे, सुरुवातीलाच भाषा निवडता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढं मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवतात. राहण्याचं ठिकाण विचारलं तर कर्नाटक, बेळगाव जिल्हा आणि तालुका स्पष्ट सांगा, म्हणजे पुढचा दवाखाना तुमच्या आवाक्यातला मिळेल.

मुलगा स्वतःही फोन करू शकतो. आईवडिलांनीही करावा, मुलगा यायला तयार नसेल तर आधी त्यांनीच करावा. ‘पोर ऐकत नाही, आम्ही काय करू?’ हा प्रश्न समुपदेशकाला विचारण्याजोगा आहे. घरात कसं बोलायचं, काय बोलायचं टाळायचं, हे पालकांना कळलं तरी निम्मी वाट सरते.

घरात मारहाण, बालविवाहाची बोलणी किंवा पळवून नेण्याचा प्रकार असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

प्रत्यक्ष कुठं जायचं

बेळगाव शहरात ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, ते ‘बिम्स’चं, म्हणजे बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं, जिल्हा रुग्णालय. तिथं मानसोपचार विभाग आहे. खिडकीवर केसपेपर काढताना ‘सायकियाट्री’ म्हटलं की खोली सांगतात. बाह्यरुग्ण तपासणी सकाळी असते, म्हणून खानापूर-नंदगडकडून येणाऱ्यांनी पहिली गाडी धरलेली बरी.

तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सोय आहे. या कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक असतात. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ नावानं तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचाराची तपासणी ठेवण्याची पद्धत आहे. एसटीचं भाडं घालून जाण्याआधी, या मंगळवारी डॉक्टर येणार आहेत का, एवढं आशा ताईंमार्फत किंवा दवाखान्यात फोन करून विचारून घ्या.

तिसरी जागा बहुतेकांना ठाऊकच नसते. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी वेगळी केंद्रं आहेत, कर्नाटकात त्यांना ‘स्नेह क्लिनिक’ म्हणतात. पाळीच्या तक्रारी, वजन, व्यसन, अभ्यासाचा ताण, प्रेमातून आलेली निराशा, सगळं तिथं बोलता येतं. ‘मानसोपचार’ हा शब्द ऐकूनच घर घाबरत असेल, तर सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. शेजाऱ्यांना सांगायलाही ‘तपासणीला गेलो होतो’ एवढं पुरतं.

आजार जास्त गुंतागुंतीचा असेल तर डॉक्टर धारवाडच्या ‘डिमहान्स’ या सरकारी मानसोपचार संस्थेत पाठवतात. जाताना इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. नुसती नावं सांगताना घोळ होतो. निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं. तिथं तपासून घेण्यात अडचण नाही, पण योजनेतून दाखल व्हायचं असेल तर कर्नाटकातलं कार्ड चालेल का, हे आधी तिथंच विचारा.

पिशवीत काय असावं

मुलाचं आणि सोबतच्या मोठ्या माणसाचं आधार, रेशन कार्ड, आधीच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या. झालं. यातलं काही नसेल तरी जाणं थांबवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ असं सांगतो की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या दवाखान्यात मानसिक उपचार मोफत मिळाले पाहिजेत, हातात बीपीएल कार्ड असो वा नसो.

कागदापेक्षा उपयोगी पडेल अशी एक गोष्ट घरीच तयार करा. वहीच्या पानावर मराठीत लिहा: बदल कधीपासून दिसला, झोप किती, जेवण किती, शाळा किती दिवस चुकली, घरात त्या सुमाराला काय घडलं, नात्यात आणखी कुणाला असा त्रास होता का. दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही.

भाषेचा प्रश्न, आणि तो मुलावर टाकू नका

आपल्याकडं एक गोष्ट सर्रास घडते. डॉक्टर कन्नडमध्ये बोलतात, आईला कन्नड जेमतेम कळतं, आणि शाळेत कन्नड शिकलेलं पोरगंच मधला दुभाषी होतं. तापाच्या औषधापुरतं ते चालतं. पण चौदा वर्षांच्या मुलीनं ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे स्वतःच्या तोंडानं आईला मराठीत समजावून सांगायचं, आणि आईच्या रागाचं उत्तर डॉक्टरांना कन्नडमध्ये द्यायचं? ती गप्प बसेल किंवा डॉक्टरांना भलतंच सांगेल. शेजारच्या काकूंनाही दुभाषी म्हणून नेऊ नका, गावात गोष्ट फुटते.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २२ तुमच्या बाजूनं आहे. आजार काय आहे, कोणता उपचार ठरवला आहे, औषधांचे त्रास काय होऊ शकतात, ही माहिती रुग्णाला आणि त्याच्या प्रतिनिधीला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क त्यात दिला आहे. तेव्हा नम्रपणे पण ठाम विचारा, ‘मराठी बरोरु यारादरू इद्दारा?’ (मराठी येणारं कुणी आहे का?) बेळगावच्या दवाखान्यात मराठी येणारी नर्स, समाजसेवक किंवा डॉक्टर सापडायला फारसा वेळ लागत नाही, विचारणारा मात्र हवा.

मुलानं सांगितलेलं कुणाला कळतं

याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उपचारातली माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शाळेला निदान कळवण्याची सक्ती तुमच्यावर नाही. रजेसाठी दाखला हवा असेल तर आजाराचं नाव न घालता देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

मूल १८ वर्षांखालचं असेल तर उपचारापुरती माहिती पालकांना मिळते, पण प्रत्येक शब्द नाही. समुपदेशक थोडा वेळ मुलाशी एकट्यानं बोलतो म्हणतील, तेव्हा बाहेर बसा. नंतर घरी ‘काय काय सांगितलंस?’ म्हणून उलटतपासणी करू नका. ती केली की पुढच्या वेळी मूल तोंड उघडत नाही.

याला अपवाद आहेत. जिवाला धोका दिसला तर समुपदेशक पालकांना सांगतात. आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. अब्रूच्या भीतीनं हे दडपायचा दबाव घरातूनच येतो. तो मुलाला दुसऱ्यांदा जखमी करतो.

दाखल करावं लागलं तर

अल्पवयीन मुलाला मानसोपचारासाठी दाखल करण्याचे नियम कडक आहेत, आणि ते तसेच असायला हवेत. अर्ज कायदेशीर पालकानं करायचा असतो. दाखल होण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, त्यातला किमान एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलांना मोठ्या रुग्णांत ठेवता येत नाही. पालकानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं पूर्ण वेळ सोबत राहायचं असतं. मुलगी असेल आणि सोबत वडील असतील, तर एक बाईमाणूसही सतत तिच्याजवळ हवं, म्हणून मावशी किंवा आत्याला आधीच विचारून ठेवा. दाखल केल्याचं दवाखान्यानं ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं असतं. पालकानं सुट्टी मागितली तर दवाखान्याला मुलाला सोडावं लागतं.

आईवडील पुण्या-मुंबईला किंवा गोव्यात कामाला आणि मूल आजीकडे, अशी घरं खानापूर भागात खूप. तपासणीला आजी-आजोबांनी नेलं तर चालतं. दाखल करण्याच्या अर्जावर मात्र पालकाची सही लागते. त्या वेळी आई किंवा वडिलांपैकी एकानं रजा काढून यावं. मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा वयाचा दाखला, दोघांचं आधार आणि रेशन कार्ड सोबत असू द्या.

खर्चासाठी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएल कुटुंबाला ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के आणि तेही १.५ लाखांच्या मर्यादेत. तुमच्या मुलाचा उपचार त्यात बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, दाखल होण्याआधी विचारा.

जिवावर बेतलं असेल तेव्हा

मुलानं जिवाचं काही बरंवाईट करायचा प्रयत्न केला असेल तर १०८ ला फोन करा आणि थेट जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पोलीस केस होईल या भीतीनं डॉक्टरांपासून काही लपवू नका, काय घेतलं ते खरं सांगा. पोलिसांना कळवण्याची नोंद होते, पण मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्यासाठी त्याला शिक्षा होत नाही. घरी आल्यावर औषधं, फवारणीचे डबे कुलपात ठेवा आणि निदान काही आठवडे मुलाला एकटं सोडू नका. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालाच्या दिवसांत ही काळजी प्रत्येक घरानं घ्यावी. नापास झालं तरी त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देता येते, हे मुलाला निकालाच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

दिव्यांग प्रमाणपत्र

हे सगळ्यांसाठी नाही. दीर्घकाळचा मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता किंवा वाचन-लेखनाची अक्षमता असेल तरच याचा विचार करा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. बहुतेक लाभांसाठी प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर मुख्याध्यापकांकडं वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्या, हॉल तिकीट हातात आल्यावर धावाधाव उपयोगाची नाही.

दाद मागायची असेल तर

तपासणी नाकारली, पैसे मागितले किंवा भाषेवरून हाकललं, तर तालुका आरोग्य अधिकारी आणि बेळगावच्या जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. तारीख, विभाग, काय घडलं आणि केसपेपरची झेरॉक्स एवढं पुरे. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं, त्यामुळं हा अर्ज मराठीत लिहिता येतो. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या.