झिंबू रुसतो, आक्का सही करत नाही

सांगलीत विश्रामबागला ताईकडे जेवायला बसलं की एक पाट रिकामा ठेवायचा, अशी माझ्या साडेचार वर्षांच्या भाचीची सक्त ताकीद आहे. तिथं झिंबू बसतो. झिंबू दुसऱ्या कुणाला दिसत नाही, वरणभात खातो आणि भडंगात शेंगदाणे कमी पडले की रुसतो. एकदा मी विसरून त्याच्या पाटावर बसलो. "मामा, ऊठ की! त्याचा पाय चेंगरला!" त्याच संध्याकाळी ताईच्या सासूबाईंनी मीठ-मोहरी घेऊन पोरीची दृष्ट काढली. समोरच्या काकूंचं निदान वेगळं होतं. "मामावर गेलीय. लेखिका होणार बघा."

मामा दिवसा हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो आणि रात्री एकांकिका. गेल्या वर्षीच्या एकांकिकेत एक आक्का होती. शेवटच्या प्रवेशात तिनं जमिनीच्या कागदावर सही करायची आणि पडदा पडायचा, असं ठरलेलं. आक्का सही करेना. तीनदा लिहून पाहिलं, तिन्हीदा तिचं बोलणं लाकडाचं झालं. चौथ्या वेळी तिनं पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आधी च्या घ्या, मग बघू." हे वाक्य माझ्याच हातानं कागदावर उतरलं, पण सुचलं तेव्हा मी ते ऐकल्यासारखं झालं.

तेव्हा काकूंची चूक समजण्यासारखी आहे. दोघंही नसलेली माणसं, दोघंही मनाचं करणारी. तरी झिंबू आणि आक्का एका जातीची नाहीत.

झिंबू भाचीचा आहे. तो तिच्याशी भांडतो, तिच्या शेजारी झोपतो, तिच्यावर रुसतो. भाचीला काढलं तर झिंबूला आयुष्यच उरत नाही. आक्काला मात्र मी कोण हे ठाऊकच नाही. तिचं भांडण पोरांशी आणि तलाठ्याशी आहे. भाची स्वतः खेळात आहे, मी खेळाच्या बाहेर. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ती रंगमंचावर उभी आहे आणि मी विंगेत.

मुलांच्या सोबत्यांतही एक बारीक फरक मानसशास्त्रज्ञ ट्रेसी ग्लीसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवला. झिंबूसारख्या अदृश्य सोबत्याशी मुलांचं नातं बरोबरीच्या मित्रासारखं असतं. बाहुली किंवा अस्वल जिवंत मानलं तर बहुतेक वेळा मूल त्याची आई होतं, त्याला भरवतं, दटावतं. भातुकली पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

सोबती ही एकलकोंड्या पोरांची गोष्ट, ही समजूतही सोडलेली बरी. मार्जोरी टेलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विषयात बरीच वर्षं घालवली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, बाहुल्या-अस्वलांसारखे सोबतीही धरून, सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. शाळेत जाणाऱ्या मुलांमध्येही तो बालवाडीतल्यांइतकाच आढळला. म्हणजे आपल्या गल्लीत बरेच झिंबू असणार, फक्त त्यांना पाट मिळत नसेल.

लेखकांकडेही टेलरबाई गेल्या. २००३ च्या त्या अभ्यासात ५० कथालेखक होते आणि त्यांतल्या ९२ टक्के जणांनी पात्र स्वतःच्या मनानं वागल्याचा काही ना काही अनुभव सांगितला. पुढे डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एडिनबरा पुस्तक महोत्सवाला आलेल्या १८१ लेखकांना विचारलं. २०२० मध्ये छापलेल्या निष्कर्षांत ६३ टक्के लेखकांना पात्रांचा आवाज ऐकू येतो आणि ६१ टक्क्यांना पात्रं आपणहून वागतात असं वाटतं. हे वाचल्यावर मला जरा हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण असं होतं कसं? टेलरबाईंच्या अभ्यासात ज्यांचं लेखन छापून आलं होतं, त्यांचे अनुभव जास्त वेळा आणि जास्त तपशिलानं आले. त्यावरून हा सरावाचा परिणाम असावा असं त्या सुचवतात. रोज गाडीवरून सांगली-मिरज करणाऱ्याला गिअर कधी टाकला ते आठवत नाही, मिरज आलेलं तेवढं कळतं. पात्र घडवणारं मनही हात बसला की असंच चालत असावं. कष्ट आत राहतात, वाक्य तेवढं बाहेर येतं, आणि कष्ट दिसले नाहीत म्हणून ते दुसऱ्याचं वाटतं.

सांगलीत नाटकाची सुरुवातच अशी झालीय. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं इथं नाटक उभं केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं ऐन वेळी जुळवायची. सोंगात जीव आला की बोलणं आपोआप येतं, हे त्या नटांना नक्की ठाऊक असणार.

भाचीचाही सराव काही कमी नाही, ती दिवसातले चार तास झिंबूसोबत असते. तरी तिच्या बाबतीत मला आणखी एक कारण दिसतं. सांगेल ते ऐकणारा सोबती काय कामाचा? रुसवा काढायला आधी कुणीतरी रुसायला हवं. झिंबूचं न ऐकणं हाच खेळ आहे. आक्काचं न ऐकणं हा माझ्या कामातला खोळंबा होता, तो मागाहून उपयोगी पडला एवढंच.

तिसरा एक प्रकार या दोघांत घुसडला जातो, तो म्हणजे तुल्पा. फ्रेंच प्रवासी अलेक्झांड्रा डेव्हिड-नील हिनं १९२९ च्या पुस्तकात लिहिलंय की तिबेटात तिनं ध्यानानं एक गुबगुबीत लामा उभा केला, तो पुढे रोड आणि लबाड झाला, आणि त्याला विरघळवायला सहा महिने गेले. खरंखोटं तिलाच ठाऊक. फरक असा की तुल्पा मुद्दाम, साधना करून उभा करायचा असतो. झिंबूसाठी कुणी साधना केली नव्हती, एके दिवशी तो जेवायलाच आला.

दृष्ट काढणाऱ्या आजींना मी इतकंच सांगितलं, पोरीला विचारा. विचारलं. भाचीनं त्यांच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "अगं आज्जी, तो खोटाखोटा आहे." अभ्यासकांनाही मुलं मध्येच अशी आठवण करून देतात. मूल घाबरत असेल, आवाज हुकूम सोडत असेल, खेळ थांबवता येत नसेल, तर तो झिंबूही नव्हे आणि आक्काही नव्हे, तिथं डॉक्टर गाठावा. आमच्याकडे तसं काही नव्हतं. आजी आता भडंग वाढताना झिंबूच्या वाटीत शेंगदाणे जास्त टाकतात, आणि जेवण झाल्यावर ते मी खातो.

आक्कानं सही केलीच नाही. प्रयोगात ती चहा ठेवायला आत जाते आणि पडदा पडतो.