शासन–दाते कार्यगट

परकीय विकाससाहाय्य घेणाऱ्या देशाचे शासन आणि साहाय्य देणारे देश व संस्था यांनी राष्ट्रीय विकास आराखड्याच्या प्रगतीचा एकत्रित आढावा घेण्यासाठी उभारलेली कायमस्वरूपी यंत्रणा. शिक्षण, आरोग्य, शेती, पाणीपुरवठा, रस्ते, न्यायव्यवस्था अशा क्षेत्रांसाठी वेगवेगळे गट असतात आणि त्यांच्यावर बहुधा अर्थमंत्रालयाच्या अध्यक्षतेखालील एक मध्यवर्ती समन्वय गट असतो. टांझानिया, युगांडा, रवांडा, घाना, मोझांबिक, बांगलादेश, व्हिएतनाम इ. देशांत या यंत्रणेची कमीअधिक विकसित रूपे आढळतात.

उगम : या यंत्रणेचा आरंभ कोठे मानावा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते तो दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपच्या पुनर्बांधणीसाठी अमेरिकेने आखलेल्या मार्शल योजनेपर्यंत (१९४८) मागे नेता येतो. मदतीच्या मागण्या यूरोपीय देशांनी आपसांत ताळून पाहाव्यात असा अमेरिकेचा आग्रह होता व त्यातूनच यूरोपीय आर्थिक सहकार्य संघटना स्थापन झाली. मात्र तेथे दाता एकच होता आणि समन्वय घेणाऱ्यांचा होता. दक्षिण व आग्नेय आशियाच्या विकासासाठी राष्ट्रकुल देशांनी आखलेल्या कोलंबो योजनेचाही (संकल्पना १९५०, कार्यवाही १९५१ पासून) उल्लेख केला जातो. तिच्या सल्लागार समितीत देणारे व घेणारे दोघेही एकत्र बसत, पण प्रत्यक्ष करार दोन देशांपुरतेच होत. त्यामुळे हे दोन्ही दाखले पूर्वपीठिका म्हणून ठीक असले, तरी उगम म्हणून पुरेसे ठरत नाहीत.

संदर्भग्रंथांत सर्वाधिक आढळणारे मत भारताकडे बोट दाखवते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या (१९५६–६१) पहिल्या दोन वर्षांतच देशाची परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली. तेव्हा जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९५८ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, जपान व कॅनडा या पाच देशांची बैठक भरली. मोरारजी देसाई त्याच वर्षी मार्चमध्ये अर्थमंत्री झाले होते. वॉशिंग्टनमध्ये भारताची बाजू बी. के. नेहरू सांभाळत. या बैठकीतून भारत साहाय्य मंडळ आकाराला आले व पुढे त्यात फ्रान्स, इटली, नेदर्लंड्स, बेल्जियम, स्वीडन इ. देश सामील झाले. १९६० मध्ये हर्मान आब्स, ऑलिव्हर फ्रँक्स व ॲलन स्प्राउल या तीन बँकतज्ज्ञांनी बँकेच्या विनंतीवरून भारत व पाकिस्तान यांचा दौरा केला. त्याच वर्षी पाकिस्तानसाठीही असे मंडळ स्थापन झाले. १९६२–६३ च्या सुमारास नायजेरिया, ट्युनिशिया व कोलंबिया यांच्यासाठी बँकेने सल्लागार गट नेमले.

या मंडळांची बैठक घेणाऱ्या देशाबाहेर भरे, अध्यक्षस्थानी बँक असे आणि मुख्य विषय येत्या वर्षात कोण किती रक्कम देणार हा असे. योजनेवर तेथे चर्चा होई, पण ती रकमेच्या अनुषंगाने. आज ज्याला कार्यगट म्हणतात तो देशाच्या राजधानीत, त्याच देशाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, वर्षभर चालणारा असतो. हा फरक तपशिलाचा नसून अधिकाराचा आहे. इंडोनेशियाच्या उदाहरणावरून तो स्पष्ट होतो. त्या देशासाठी १९६७ मध्ये नेदर्लंड्सच्या अध्यक्षतेखाली आंतरशासकीय गट स्थापन झाला. पूर्व तिमोरमधील दिली या शहरात इंडोनेशियाच्या सैन्याने केलेल्या गोळीबारानंतर (नोव्हेंबर १९९१) नेदर्लंड्सने केलेल्या टीकेमुळे इंडोनेशियाने मार्च १९९२ मध्ये तो गट बंद करण्यास सांगितले. त्याच्या जागी जागतिक बँकेच्या अध्यक्षतेखालील सल्लागार गट आला आणि तोही २००७ मध्ये इंडोनेशियानेच संपवला. अध्यक्षपद बाहेरच्यांकडे असलेली व्यवस्था यजमान देशाला कधी ना कधी नकोशी होते, असे यावरून दिसते.

म्हणून प्रचलित कार्यगटाचा उगम १९९० च्या दशकात आफ्रिका खंडाच्या पूर्व व दक्षिण भागांत मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सुटे सुटे प्रकल्प न राबवता संपूर्ण क्षेत्राचा एकच आराखडा व एकच खर्चाचा अंदाज असावा, ही क्षेत्रव्यापी पद्धती या दशकाच्या मध्यास रुजली. झांबियातील आरोग्यसुधारणा तिच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होत. युगांडाने १९९७ मध्ये स्वतःचा दारिद्र्यनिर्मूलन कृती आराखडा तयार केला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांनी कर्जमाफीसाठी अशा आराखड्याची अट घातली ती त्यानंतर, १९९९ मध्ये.

निर्णायक घटना मात्र टांझानियातील. कर वसुलीतील गैरव्यवहारांवरून १९९४ च्या सुमारास तेथील शासन व दाते यांचे संबंध इतके बिघडले, की अनेकांनी मदत रोखून धरली. डेन्मार्कच्या पुढाकाराने टोराँटो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जेराल्ड हेलायनर यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र सल्लागारांचा गट नेमण्यात आला. टोनी किलिक, न्गुयुरु लिपुम्बा, बेनो न्दुलू व क्नुड एरिक स्वेन्सन हे त्याचे अन्य सदस्य. जून १९९५ च्या अहवालात गटाने दोन्ही बाजूंना दोष दिला : शासनाने कारभाराची सूत्रे सैल सोडली होती आणि दात्यांनी ती आपल्या हाती घेतली होती. मदत घेणाऱ्याबरोबर देणाऱ्याच्या वर्तनाचीही तपासणी व्हावी, ही या अहवालातील सूचना त्या काळात अपूर्व होती. जानेवारी १९९७ मध्ये दोन्ही बाजूंनी अठरा मुद्द्यांवर सहमती नोंदवली व हेलायनर यांनी पुढील काही वर्षे तिच्या पालनाचा वेळोवेळी आढावा घेतला. त्यातून टांझानिया साहाय्य धोरण (२००२) व संयुक्त साहाय्य धोरण (२००६) आले. अर्थसंकल्प तयार होत असताना, साधारणतः एप्रिल ते ऑगस्ट या काळात, दात्यांनी शिष्टमंडळे पाठवू नयेत असा संकेतही येथेच पडला.

रचना व कार्यपद्धती : गटाचे अध्यक्षपद संबंधित मंत्रालयाच्या स्थायी सचिवाकडे असते. दात्यांपैकी एकाला प्रमुख दाता म्हणून निवडतात व तो सहअध्यक्ष असतो. बैठकीपूर्वी अन्य दात्यांची मते एकत्र करून एका तोंडाने मांडणे हे त्याचे काम. काही दाते स्वतः बैठकीस न बसता आपला निधी व मत दुसऱ्या दात्याकडे सोपवतात. यामुळे मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांचा वेळ वाचतो आणि लहान देशांत हा लाभ फार मोठा असतो, कारण तेथे एका खात्याचे नियोजन चार-पाच माणसेच सांभाळत असतात.

वर्षातून साधारणतः दोन संयुक्त आढावे होतात. आर्थिक वर्ष संपल्यावरचा आढावा गतवर्षीच्या कामगिरीचा असतो. अर्थसंकल्पापूर्वीचा आढावा पुढील वर्षाच्या उद्दिष्टांचा असतो. आढाव्याचा गाभा म्हणजे निर्देशकांचा तक्ता. प्रत्येक ओळीत निर्देशक, आधारवर्षातील आकडा, यंदाचे उद्दिष्ट, प्रत्यक्ष साध्य, माहितीचा स्रोत व जबाबदार यंत्रणा एवढे रकाने असतात. वाद बहुतेक वेळा ‘माहितीचा स्रोत’ या रकान्यावरून होतो.

रवांडातील आरोग्य संस्थांमध्ये होणाऱ्या प्रसूतींच्या प्रमाणावरून याची कल्पना येते. घरोघर केलेल्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांनुसार हे प्रमाण २००५ मध्ये सुमारे २८ टक्के, २०१० मध्ये ६९ टक्के व २०१४–१५ मध्ये ९१ टक्के होते. पण अशी सर्वेक्षणे काही वर्षांच्या अंतराने होतात आणि आढावा दरवर्षी घ्यायचा असतो. मधल्या वर्षांसाठी आरोग्य केंद्रांच्या मासिक नोंदी वापरतात. त्यांत अंश, म्हणजे केंद्रात झालेल्या प्रसूती, मोजलेला असतो. छेद, म्हणजे त्या भागातील एकूण अपेक्षित जन्म, जनगणनेवरून अंदाजलेला असतो. जन्मदर घसरत असेल व अंदाज जुनाच असेल, तर छेद फुगतो आणि टक्केवारी प्रत्यक्षाहून कमी दिसते. स्थलांतराने लोकसंख्या वाढलेल्या जिल्ह्यात नेमके उलट होऊन प्रमाण शंभर टक्क्यांवरही जाऊ शकते. निधीचा हप्ता अशा निर्देशकाशी बांधलेला असेल, तर छेदाच्या निवडीवर लाखोंची रक्कम अवलंबून राहते. यूरोपीय आयोगाच्या अर्थसंकल्पीय साहाय्यात, म्हणजे घेणाऱ्या देशाच्या अर्थसंकल्पात थेट जमा होणाऱ्या मदतीत, स्थिर व बदलता असे दोन हप्ते असतात व बदलता हप्ता उद्दिष्टपूर्तीच्या प्रमाणात मिळतो. त्यामुळे सांख्यिकी कार्यालयाचा प्रतिनिधी बैठकीत असणे हे उपचारापेक्षा फार महत्त्वाचे आहे. अनेक देशांत या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे.

रवांडा : या यंत्रणेचे सर्वांत शिस्तबद्ध रूप म्हणून रवांडाकडे पाहिले जाते. १९९४ च्या वंशसंहारानंतर देशाचा बहुतांश खर्च परकीय मदतीवर चाले आणि मदत मुख्यतः दात्यांच्या पसंतीच्या क्षेत्रांत साचे. २००६ च्या साहाय्य धोरणाने अर्थसंकल्पामार्फत येणाऱ्या मदतीला स्पष्ट प्राधान्य दिले. शिखर समन्वय गटाचे अध्यक्षपद अर्थ व आर्थिक नियोजन मंत्रालयाच्या स्थायी सचिवाकडे व सहअध्यक्षपद संयुक्त राष्ट्रांच्या निवासी समन्वयकाकडे आहे. याखेरीज वर्षातून एकदा वरिष्ठ पातळीवरील निवासी चर्चासत्र भरते.

रवांडाचे वैशिष्ट्य दोन निर्णयांत दिसते. शासनाच्या कामगिरीच्या तक्त्याबरोबरच दात्यांच्या कामगिरीचाही वार्षिक तक्ता तेथे तयार होऊ लागला. कोणाची किती मदत अर्थसंकल्पात नोंदली गेली, कबूल केलेली रक्कम वेळेवर आली का, किती शिष्टमंडळे स्वतंत्रपणे आली, देशाच्या खरेदी व लेखापरीक्षण पद्धती वापरल्या का, हे त्यात दात्यागणिक मांडले जाते. हेलायनर अहवालातील सूचनेची इतकी थेट अंमलबजावणी अन्यत्र क्वचितच झाली. दुसरा निर्णय २०१० मधील कामवाटपाचा. प्रत्येक दात्याने जास्तीत जास्त तीन क्षेत्रांत काम करावे असे शासनाने ठरवून दिले. आरोग्यक्षेत्रात दात्यांची दाटी व इतर क्षेत्रांत चणचण अशी स्थिती बदलण्याचा हा प्रयत्न होता. काही दात्यांनी आपली जुनी क्षेत्रे सोडली.

या शिस्तीलाही राजकारणाची मर्यादा आहे. पूर्व काँगोतील एम-२३ बंडखोरांना रवांडाचा पाठिंबा असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये नमूद केल्यावर अनेक दात्यांनी मदत थांबवली वा लांबणीवर टाकली. हे निर्णय कार्यगटात झाले नाहीत. त्या त्या देशांच्या राजधानीत झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच प्रश्नावरून रवांडानेच बेल्जियमबरोबरचे विकास सहकार्य थांबवले.

मूल्यमापन : साहाय्याच्या परिणामकारकतेविषयीच्या पॅरिस जाहीरनाम्याने (मार्च २००५) स्वामित्व (विकासाची सूत्रे घेणाऱ्या देशाकडे असणे), संरेखन (मदत त्या देशाच्या आराखड्याशी व पद्धतींशी जुळवणे), सुसूत्रीकरण (दात्यांचा आपसांतील मेळ), फलाधारित व्यवस्थापन व परस्पर उत्तरदायित्व ही पाच तत्त्वे मांडली. आक्रा (२००८) व बुसान (२०११) येथील परिषदांनी ती पुढे नेली. परंतु २०१० साठी ठरवलेल्या तेरा उद्दिष्टांपैकी जागतिक पातळीवर केवळ एकच, तांत्रिक साहाय्यातील समन्वयाचे, साध्य झाले. समर्थकांच्या मते यात दोष यंत्रणेचा नसून दात्यांच्या मायदेशातील नियमांचा आहे, आणि उपलब्ध पुराव्यावरून हे मत ग्राह्य दिसते. टीकाकारांचा आक्षेप वेगळा आहे : बैठका वाढल्या आणि संसद बाजूला पडली. मोझांबिकमध्ये अर्थसंकल्पीय साहाय्य देणाऱ्या दात्यांचा गट एकेकाळी एकोणीस सदस्यांचा होता व त्याचे आढावे आदर्श मानले जात. तरीही संसदेच्या मान्यतेवाचून काढलेली सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जे त्याच्या नजरेतून सुटली. त्यांतील मोठा भाग २०१६ मध्ये उघड होताच मदत थांबली.

भारतीय उपखंड : बांगलादेशासाठीचा साहाय्य गट १९७४ पासून जागतिक बँकेच्या अध्यक्षतेखाली पॅरिसमध्ये भरे. पुढे ढाक्यातील स्थानिक सल्लागार गट व त्याचे क्षेत्रनिहाय कार्यगट यांकडे काम आले. त्यांचे शासकीय केंद्र आर्थिक संबंध विभाग हे आहे. जून २०१० मध्ये शासनाने अठरा भागीदारांबरोबर संयुक्त सहकार्य धोरणावर सही केली.

भारतात या धर्तीची यंत्रणा राष्ट्रीय पातळीवर कधीच उभी राहिली नाही, कारण मदतीचे प्रमाण अर्थव्यवस्थेच्या मानाने लहान होते व नियोजनाचे अधिकार दिल्लीने सोडले नाहीत. साहाय्य मंडळाचे रूपांतर १९९० च्या दशकात भारत विकास मंचात झाले. २००३ मध्ये शासनाने लहान दात्यांकडून द्विपक्षीय मदत न घेण्याचे जाहीर केले. क्षेत्रपातळीवर मात्र संयुक्त आढाव्याची पद्धत रुजली. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात (१९९४ पासून, पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातील औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी हे जिल्हे होते) व नंतर सर्व शिक्षा अभियानात केंद्र शासन व दाते यांची संयुक्त पथके राज्यांत फिरून शाळा, गळती व खर्च यांची पाहणी करीत. अभियानाच्या काळात हा आढावा वर्षातून दोनदा होई आणि जागतिक बँक, ब्रिटनचा विकास विभाग व यूरोपीय आयोग त्यात सहभागी असत.