एकेक केस काढायची गरज नाही

टॅबलेटवर मांजर रंगवायला घेतलं की सल्ला ठरलेला: एकेक केस काढा, तरच ते खरं दिसेल. चूक आहे हे. तसं केलं की मांजराचा खराटा होतो (माझे दोन झालेत!). आपला डोळा केस मोजत बसत नाही, तो उजेड-सावलीचे पुंजके बघतो. म्हणून आधी मोठ्या ब्रशने गडद-फिकट भाग लावा आणि केसांची दिशा सांभाळा: नाकापासून वर कपाळाकडे, गालांवरून मागे. सुटे केस फक्त कडांना, कानाच्या आत आणि उजेड सावलीला भेटतो तिथे. काळ्या मांजरालाही निव्वळ काळा रंग नको; उन्हात त्याची पाठ तपकिरी, सावलीत निळसर दिसते. मिशा सगळ्यात शेवटी, वेगळ्या लेयरवर (चित्रावरच्या वेगळ्या पारदर्शक थरावर), एका झटक्यात.