बायोफीडबॅक व्यावसायिकांचा समुदाय : नावाचा वाद आणि लोकसंपर्काची पार्श्वभूमी

शरीरातील क्रिया उपकरणाने मोजून ती माहिती त्याच क्षणी माणसाला दाखवायची आणि तिच्या आधारे त्या क्रियांत बदल करायला शिकवायचे, ही पद्धत म्हणजे बायोफीडबॅक. या क्षेत्रात मानसतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, डॉक्टर, जबड्याच्या दुखण्यावर काम करणारे दंतवैद्य आणि उपकरणे घडवणारे अभियंते एकत्र वावरतात. त्यांची मूळ पदवी वेगळी, परवाना वेगळा आणि परिभाषाही वेगळी असते. त्यामुळे या मंडळींनी स्वतःला काय म्हणवून घ्यावे आणि लोकांसमोर कोणत्या नावाने जावे, हा प्रश्न त्यांच्या सामुदायिक जीवनात वारंवार उभा राहिला. अमेरिकेतील या समुदायाची वाटचाल समजून घ्यायची असेल, तर उपचारांच्या इतिहासापेक्षा नावांच्या इतिहासाकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

१९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे भरलेल्या सभेत पहिली संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात ‘संशोधन’ हा शब्द होता आणि तो योग्यच होता. मेंदूतील अल्फा लहरी (शांत जागेपणी दिसणाऱ्या विद्युत लहरी), एकेका स्नायू-घटकावरील नियंत्रण, प्राण्यांच्या हृदयगतीचे प्रशिक्षण अशा परस्परांपासून दूर असलेल्या प्रयोगशाळांतील माणसे तेथे प्रथमच एका नावाखाली आली. पुढच्या काही वर्षांत उपचार करणाऱ्यांची संख्या वाढली आणि १९७६ मध्ये नावातील ‘संशोधन’ गळून पडले. त्याच वर्षी या विषयाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांचे नियमन करणारी कायदादुरुस्तीही झाली.

या नियमनाची निकड समुदायालाही जाणवत होती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी अल्फा लहरी वाढवायला शिकवण्याचा दावा करणाऱ्या घरगुती यंत्रांची, म्हणजे अल्फा यंत्रांची, लाट आली होती. वर्षानुवर्षांच्या साधनेचे फळ काही तासांत मिळेल, अशा थाटात ती यंत्रे विकली जात आणि त्यांतील अनेकांना डोळ्यांच्या वा कपाळाच्या स्नायूंची हालचाल आणि मेंदूची लहर यांतील फरकही धड कळत नसे. लोकांपर्यंत पोहोचण्याचा हा पहिला मोठा प्रसंग समुदायाच्या हातून निसटला आणि बाजाराने तो उचलला. कुरारा या विषाने स्नायू लुळे केलेल्या उंदरांना हृदयगती बदलायला शिकवण्याचे गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले असता तसे निष्कर्ष मिळेनात, ही गोष्टही याच दशकात उघड झाली. एकीकडे अतिरंजित जाहिराती आणि दुसरीकडे प्रयोगशाळेतील पीछेहाट, अशा कात्रीत सापडलेल्या व्यावसायिकांना स्वतःची शिस्त स्वतःच घालून घेणे भाग होते. १९८१ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र प्रमाणन संस्था या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. तिचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे आणि ते उपचाराच्या परवान्याची जागा घेत नाही, ही बाब आजही अनेक नवागतांच्या लक्षात येत नाही.

यानंतर १९८८ चा निर्णय आला. संघटनेने आपले नाव पुन्हा बदलले आणि ‘उपयोजित मनोशरीरक्रियाशास्त्र’ (मन आणि शरीरक्रिया यांच्या परस्परसंबंधाच्या शास्त्राचा वापर) हा शब्दप्रयोग पुढे ठेवून ‘बायोफीडबॅक’ला मागच्या जागी नेले. या बदलामागचा युक्तिवाद दुबळा नव्हता. ‘बायोफीडबॅक’ म्हटले की यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात उपचारक रुग्णाला श्वसन शिकवतो, शिथिलीकरण शिकवतो, विचारांच्या सवयींवर त्याच्याशी बोलतो, घरी करायचा सराव नेमून देतो आणि यंत्र हे या सगळ्यातील केवळ एक साधन असते. शिवाय विद्यापीठांत मनोशरीरक्रियाशास्त्राला प्रतिष्ठा होती, तर बायोफीडबॅकला अल्फा यंत्रांच्या दिवसांचा डाग लागलेला होता. विरुद्ध बाजूचे म्हणणे त्याहून साधे होते. जो शब्द रुग्णाला, विमा कंपनीला आणि शाळेच्या समुपदेशकाला ठाऊक आहे, तो मागे ढकलून कोणालाही न उच्चारता येणारा शब्द पुढे का आणायचा? अखेर दोन्ही शब्द नावात राहिले. या तडजोडीने सभासदांमधील तणाव कदाचित सैल केला असेल, पण बाहेरच्या माणसासाठी एका ओळखीचे दोन तुकडे केले. प्रस्तुत लेखकाच्या मते लोकसंपर्काच्या दृष्टीने हा निर्णय महागात पडला. प्रमाणन संस्थेने ‘बायोफीडबॅक’ हा एकच शब्द धरून ठेवला, नियतकालिकाने नवे नाव १९९७ मध्ये स्वीकारले, आणि मधल्या नऊ वर्षांत एकाच क्षेत्राची संघटना, प्रमाणपत्र व नियतकालिक तीन वेगवेगळ्या पाट्यांखाली चालले. जी मंडळी रुग्णाला स्वतःच्या शरीराची खूण ओळखायला शिकवतात, त्यांना स्वतःची खूण ठरवता येऊ नये, याची खंत वाटते.

त्यातच मेंदूलहरींवर काम करणाऱ्यांचा प्रश्न आला. मद्यासक्त माजी सैनिकांवरील १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्फा-थीटा प्रशिक्षणाच्या (अल्फा आणि त्यांहून संथ थीटा लहरी वाढवण्याच्या) अभ्यासानंतर या शाखेत नवा उत्साह आला आणि १९९५ मध्ये तिची वेगळी संघटना उभी राहिली. ‘न्यूरोफीडबॅक’, म्हणजे मेंदूलहरींचे हे प्रशिक्षण, ही बायोफीडबॅकची शाखा की स्वतंत्र क्षेत्र, यावर बराच शब्दच्छल झाला, आणि तो केवळ अहंकारापोटी नव्हता. मेंदूवर काम करतो म्हणणाऱ्याला लोक वेगळ्या अपेक्षेने भेटतात. मे २००८ मध्ये दोन्ही संघटना आणि प्रमाणन संस्था यांनी मिळून बायोफीडबॅकची एक समान व्याख्या मान्य केली. आरोग्य व कार्यक्षमता सुधारण्यासाठी शरीरक्रियेत बदल करायला शिकण्याची प्रक्रिया, आणि कालांतराने उपकरणाशिवायही टिकू शकणारे बदल, असा तिचा गाभा आहे. ‘शिकणे’ हा शब्द व्याख्येच्या केंद्रस्थानी आला, हे मोठे यश होते. २०१० मध्ये प्रमाणन संस्थेने आपल्या नावातील ‘अमेरिका’ काढून ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द घेतला.

या समुदायाला खरोखर बांधून ठेवणारी गोष्ट मात्र नाव नसून मार्गदर्शनाची पद्धत आहे. प्रमाणपत्र घेऊ इच्छिणाऱ्याने वर्गातील अभ्यासक्रम पूर्ण करायचा, अनुभवी मार्गदर्शकासोबत रुग्णांची सत्रे तपासून घ्यायची आणि स्वतःच्या शरीरावरही प्रशिक्षण घ्यायचे, अशी अट आहे. केवळ सरावाने स्वतःचा हात उबदार करता न येणाऱ्याने रुग्णाला तो करायला सांगू नये, ही जुन्या मंडळींची धारणा त्या अटीत उतरली आहे.

या धारणेचे एक मूळ भारताकडे जाते. लोणावळ्यातील एका योगसंस्थेत १९२४ पासून योगक्रियांचे शरीरशास्त्रीय मापन सुरू होते आणि १९५७ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील दोन संशोधक भारतातील योग्यांच्या अभ्यासासाठी आले होते. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांची नाडी क्षीण झाली तरी हृदयाचे विद्युत आलेखन चालूच राहिले, असे त्यांना आढळले. १९७० मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथील प्रयोगशाळेत एका भारतीय योग्याने एकाच तळहातावरील दोन जागांच्या तापमानात सुमारे १० अंश फॅरनहाइटचा फरक निर्माण केला. हात उबदार करण्याचे अर्धशिशीवरील प्रशिक्षण त्याच प्रयोगशाळेतून पुढे आले.

लोकांपर्यंत पोहोचण्याचे सर्वांत स्वस्त साधनही तेथूनच मिळाले. बोटाला चिकटपट्टीने लावलेला छोटा तापमापक किंवा हातावर चिकटवायचा, तापमानानुसार रंग बदलणारा ठिपका घेऊन व्यावसायिक शाळांत, आरोग्य मेळाव्यांत आणि ग्रंथालयांतील व्याख्यानांत जात आले आहेत. मराठीत ‘फीडबॅक’ म्हणजे अभिप्राय अशी समजूत रूढ असल्याने आपल्याकडे हा विषय मांडणाऱ्याला आधी तोच गुंता सोडवावा लागतो. ‘प्रत्याभरण’ हा शब्द शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आहे, पण तो शिक्षकांच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. अशा वेळी व्याख्या वाचून दाखवण्याऐवजी समोरच्या माणसाच्या बोटाला तो तापमापक लावावा, पाच मिनिटे संथ श्वसन करायला सांगावे आणि पारा कोठे होता व कोठे आला ते त्याचे त्यालाच वाचू द्यावे.