कानाझावा, हिरोकाझू

(३ मे १९३१ – ८ डिसेंबर २०१९). शोतोकान या कराटेच्या शैलीचे जपानी चॅम्पियन आणि शिक्षक. जन्म उत्तर जपानमधल्या इवाते प्रांतातला. तरुणपणी आधी ज्युदो, मग ताकुशोकू युनिव्हर्सिटीत कराटे. १९५६ च्या सुमारास ते जपान कराटे असोसिएशनच्या (जेकेए) प्रशिक्षक कोर्सला लागले, पहिल्याच बॅचला, त्यात ताकायुकी मिकामीही होते.

त्यांना "फुनाकोशींच्या शेवटच्या काही थेट शिष्यांपैकी एक" असं सर्रास म्हटलं जातं, पण ते जरा जपून घ्यायला हवं. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशींचा जन्म १८६८ चा, म्हणजे कानाझावा शिकायला लागले तेव्हा ते ऐंशी पार केलेले होते. भेट, मार्गदर्शन, आशीर्वाद हे सगळं खरं, तरी रोजची तालीम, काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) घोटून घेणं, कुमितेची (समोरासमोरच्या लढतीची) पद्धत हे जेकेएचे मुख्य प्रशिक्षक मासातोशी नाकायामांकडचं, म्हणून त्यांना नाकायामांच्या तालमीतले म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

जेकेएची पहिली ऑल जपान स्पर्धा १९५७ ला टोकियोत झाली, त्याच वर्षी २६ एप्रिलला फुनाकोशी वारले होते. स्पर्धा हा प्रकार त्यांना पसंत नव्हता असं बहुतेक जण मानतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या याचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावतो. कुमिते कानाझावांनी जिंकली, काता हिरोशी शोजींनी. कानाझावांचा हात स्पर्धेच्या थोडं आधी मोडला होता, ते नाव मागे घेणार होते, पण आई खास मॅच बघायला गावाहून आली आणि म्हणाली की दुसरा हात आहे, दोन पाय आहेत, मग अडचण काय, असा किस्सा सांगतात. हात मोडलेला होता यावर फारसा वाद नाही, बाकी तपशील सांगणाऱ्यागणिक थोडा बदलतो. इथे एक गोष्ट सहसा सुटते. नियम शोबू इप्पोनचा, म्हणजे एक स्वच्छ निर्णायक वार झाला की मॅच संपली, आणि वार अंगाला लागायच्या आत थांबवायचा. त्यामुळे मोडक्या हाताने ठोसा मारणं एवढं अवघड नाही, खरी कळ येते समोरच्याची लाथ त्या हाताने अडवताना, आणि ते टाळायचं तर अंतर राखणं आणि आधी घुसणं एवढंच हातात उरतं.

याच स्पर्धेची १९५८ ची कुमितेची फायनल पंचांसाठी जास्त शिकण्यासारखी आहे. समोर मिकामी, एकाच बॅचचे, एकमेकांची चाल पाठ. दोघं बराच वेळ नुसते फिरत राहिले, कोणी फट देईना, शेवटी पंचांनी दोघांनाही विजेते ठरवलं. काहींना हा कंटाळवाणा सामना वाटतो, काहींना कुमितेचा आदर्श. इप्पोनच्या नियमात चुकीला दुसरी संधी नसते, तेव्हा वाट बघणं हाही डावच, आणि पंचांनी उगाच कोणाच्या बाजूने झेंडा वर केला नाही हे योग्यच झालं. आता जागतिक स्पर्धांत १, २, ३ असे पॉइंट मोजतात, तिथे अशी फायनल होणं कठीण. त्या वर्षी कानाझावांनी काताही जिंकली.

१९६१ ला जेकेएने त्यांना हवाईला शिकवायला पाठवलं. १९६५ ला जेकेएचेच प्रशिक्षक ताइजी कासे, केइनोसुके एनोएदा, हिरोशी शिराई यांच्यासोबत युरोप दौरा, मग इंग्लंडमध्ये मुक्काम, पुढे जर्मनी; जर्मनीतली त्यांची जागा १९७० ला हिदेओ ओचींनी घेतली.

जेकेएपासून ते का वेगळे झाले यावर दोन्ही बाजूंची वेगवेगळी उत्तरं आहेत. त्यांच्या स्वतःच्या संघटनेची, शोतोकान कराटे-दो इंटरनॅशनल फेडरेशनची (एसकेआयएफ), स्थापना कुठे १९७७ तर कुठे १९७८ दिलेली सापडते. फुटीचं वर्ष १९७७ आणि संघटनेचं १९७८ असं धरलं की घोळ बराचसा मिटतो. शिकवण्यात ते जेकेएपेक्षा मोकळे होते. यांग मिंगशी यांच्याकडून ताइची (संथ हालचालींची चिनी युद्धकला) शिकले, नुनचाकूही (साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांचं शस्त्र) शिकवायचे, आणि शोतोकानच्या नेहमीच्या २६ कातांच्या पलीकडे सेइएंचिनसारखी गोजू-र्‍यू या दुसऱ्या कराटे शैलीकडची काताही त्यांनी घेतली, हे कट्टर लोकांना रुचलं नाही.

हयातीतच त्यांना १० वा दान (ब्लॅक बेल्टची सर्वोच्च श्रेणी) मिळाला. संघटनेची धुरा पुढे मुलगा नोबुआकी यांच्याकडे आली.